मोठ्या टेक कंपनीची मुलाखत: कोणत्या राउंडमध्ये काय तपासतात आणि गाडी कुठे घसरते

मध्यबिंदू

मुलाखतीच्या तयारीचे धागे पुष्कळ झालेत, पण बहुतेकांचा सूर 'अमुक यादीतले प्रश्न सोडवा, मग बघू' एवढाच असतो. प्रश्न ढीगभर सोडवूनही नकार का येतो, यावर फारसं कोणी लिहीत नाही. म्हणून हा धागा. हजारो इंजिनियर असलेल्या कंपन्यांपुरतंच बोलू. छोट्या स्टार्टअपचं गणित निराळं असतं.

साखळी साधारण अशी: रिक्रूटरचा अर्ध्या तासाचा फोन, मग ऑनलाइन टेस्ट किंवा ४५ ते ६० मिनिटांचा एक कोडिंग राउंड. तो पार झाला की 'लूप', म्हणजे चार-पाच राउंड, एकाच दिवशी किंवा दोन-तीन दिवसांत विभागून. त्यात दोन-तीन कोडिंगचे, अनुभवी उमेदवाराला एक-दोन सिस्टिम डिझाइनचे (मोठी सेवा कशी उभारायची ते मांडायचं) आणि एक बिहेवियरल (कामातल्या प्रसंगांवरचे प्रश्न). गूगलने स्वतःच्याच मुलाखतींची आकडेवारी तपासली तेव्हा चार मुलाखतींत ८६ टक्के खात्रीने निर्णय घेता येतो, त्यापुढच्या मुलाखतींनी फारशी भर पडत नाही, असं निघालं होतं. पूर्वी दहा-बारा राउंड चालायचे ते हल्ली दिसत नाहीत, त्याचं एक कारण हे.

आता कळीचा मुद्दा. राउंड घेणारा माणूस एकटा निर्णय घेत नाही. तो अभिप्राय लिहितो: प्रश्न काय दिला, उमेदवार काय म्हणाला, कोड कुठवर आला, किती वेळा इशारा द्यावा लागला. शेवटी 'नक्की घ्या' पासून 'नक्की नको' पर्यंतच्या पट्टीवर एक खूण. गूगलमध्ये हे कागद हायरिंग कमिटीकडे जातात आणि त्या कमिटीतल्या लोकांनी तुम्हाला पाहिलेलंही नसतं. ॲमेझॉनच्या लूपमध्ये एक 'बार रेझर' (bar raiser, निवडीची पातळी राखणारा) असतो. तो त्या टीमच्या बाहेरचा असतो आणि त्याचा नकार डावलून ऑफर देता येत नाही.

म्हणजे तुमचं डोकं कसं चालतं याच्या लेखी नोंदीवर निकाल लागतो. मनातल्या मनात अचूक विचार करून शेवटी सुबक कोड लिहिणाऱ्याच्या कागदावर 'बराच वेळ शांत होता, मग उत्तर दिलं, प्रश्न आधी पाहिलेला असावा' असं येऊ शकतं. अर्धवट कोड लिहूनही दोन पर्याय तोलणाऱ्याचा कागद भरलेला असतो.

बाकीच्यांनी आपापल्या राउंडवर लिहा.

---

उलटा_स्टॅक

कोडिंगवर लिहितो.

४५ मिनिटांत खरी हाताला लागतात ३५. सुरुवातीची चार-पाच मिनिटं ओळखपाळखीत जातात, शेवटची पाच तुमच्या प्रश्नांसाठी राखलेली असतात. उरलेल्या वेळातली पाच मिनिटं प्रश्न समजून घ्यायला, सातेक मिनिटं पद्धत ठरवायला, पंधरा ते अठरा कोडला आणि निदान पाच तपासणीला. जिथे दोन प्रश्न विचारायची पद्धत आहे तिथे हे सगळं निम्म्यात बसवावं लागतं.

प्रश्न समजून घेणं म्हणजे 'इनपुट रिकामा असू शकतो का' एवढं पुटपुटणं नव्हे. सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न इनपुटच्या आकाराचा. एका सेकंदात ढोबळमानाने दहा कोटी साध्या क्रिया होतात असं धरा. मग n (इनपुटमधल्या घटकांची संख्या) वीसच्या आसपास असेल तर सगळे उपसंच तपासले तरी चालतं, कारण २ चा २० वा घात दहा लाखांच्या थोडा वर आहे. n पाचशे असेल तर तीन लूप (इथे कोडमधले) एकात एक चालतील. पाच हजारांपर्यंत दोन. एक लाख असेल तर n लॉग n च्या आत बसवायला हवं. आकार कळला की निम्म्या पद्धती आपोआप बाद होतात. हे मोठ्याने म्हणा: "n एक लाख आहे, म्हणजे प्रत्येक जोडी तपासणं पाचशे कोटी क्रियांवर जाईल, सॉर्ट किंवा हॅशमॅपकडे वळतो." समोरच्याला लिहायला वाक्य मिळालं.

मग ब्रूट फोर्स (सगळ्या शक्यता तपासणारी सरधोपट पद्धत) सांगा. सांगाच, लिहू नका. तीस सेकंदांत पद्धत आणि तिचा खर्च सांगून पुढे जा. ब्रूट फोर्स पूर्ण टाइप करत बसण्यात दहा मिनिटं घालवणं, ही वेळ संपण्याची सगळ्यात नेहमीची वाट आहे.

आता पाठांतर कसं अंगाशी येतं त्याचं एक उदाहरण. प्रश्न: पूर्णांकांची ॲरे (क्रमाने मांडलेली यादी) आहे, ज्यांची बेरीज नेमकी K होते असे सलग तुकडे किती? 'सलग तुकडा' ऐकलं की हात आपोआप स्लायडिंग विंडोकडे (ॲरेवरून सरकत जाणारा तुकडा) जातो. विंडो पुढे वाढवली की बेरीज वाढते, मागून आवळली की कमी होते, या गृहीतावर ती पद्धत उभी आहे. एक जरी ऋण संख्या आली तरी गृहीत कोसळतं: बेरीज K च्या वर गेली म्हणून विंडो आवळाल, पण पुढची संख्या ऋण असती तर न आवळताच K मिळाला असता. शून्यंही त्रास देतात, कारण एकाच टोकाला संपणारे अनेक तुकडे तीच बेरीज देतात आणि साधी विंडो त्यातला एकच मोजते. म्हणून 'संख्या ऋण असू शकतात का' हा इथे खरा प्रश्न, आणि तो विचारला की नाही याची नोंद होतेच होते.

बरोबर पद्धत: सुरुवातीपासूनची चालती बेरीज ठेवायची आणि आधी कोणती बेरीज किती वेळा आली ते हॅशमॅपमध्ये (किंमत दिली की तिची नोंद लगेच देणारा तक्ता). आत्ताची बेरीज S असेल तर S वजा K आधी जितक्या वेळा आली तितके तुकडे इथे संपतात. कोड सात-आठ ओळींचा होतो आणि तरी चुकतो, कारण लूपच्या आधी मॅपमध्ये '० एकदा आला' अशी नोंद घालायची राहते. [१, −१, २] आणि K = २ घ्या. चालत्या बेरजा १, ०, २. उत्तर २ यायला हवं: शेवटचा एकटा २ आणि अख्खी ॲरे. सुरुवातीची नोंद नसेल तर १ येतं, कारण पहिल्या घरापासून सुरू होणारा तुकडा निसटतो. तीन घरांची ही चाचणी हाताने चालवली तर चूक एका मिनिटात सापडते. मोठं उदाहरण घेऊन नजर फिरवली तर सापडत नाही.

---

चौकस

वाचनखूण साठवली आहे. हाताने चालवायची म्हणजे नेमकं काय करायचं? मुलाखतीत बहुतेक वेळा कोड रन करू देत नाहीत असं ऐकलंय.

---

उलटा_स्टॅक

@चौकस, बऱ्याच ठिकाणी एडिटर साधा असतो, रन बटण नसतं. तेव्हा कोडखाली कमेंटमध्ये एक तक्ता आखा: ओळीत लूपचा फेरा, पुढे प्रत्येक व्हेरिएबलची किंमत. मग कोड *वाचत* एकेक ओळ भरा. मनात जे लिहायचं होतं ते भरू नका, स्क्रीनवर जे लिहिलंय ते भरा. फरक इथेच पडतो.

टेस्टचा क्रम: आधी दोन-तीन घरांचं साधं उदाहरण, मग रिकामं इनपुट, एकच घर, सगळी घरं सारखी आणि शेवटी प्रश्नात जी आडवाट सापडली असेल ती. आणखी एक, पूर्णांकाची मर्यादा. ३२ बिटांचा चिन्हांकित पूर्णांक २,१४,७४,८३,६४७ वर संपतो. बाइनरी सर्चमध्ये (दर वेळी शोध निम्म्यावर आणणारी पद्धत) मधलं घर काढताना डावं अधिक उजवं भागिले दोन असं लिहिलं तर बेरीज या मर्यादेपलीकडे जाऊ शकते. जावाच्या स्वतःच्या लायब्ररीत हा दोष वर्षानुवर्षं होता आणि २००६ मध्ये त्यावर जाहीरपणे लिहिलं गेलं. डावं अधिक (उजवं वजा डावं) भागिले दोन असं लिहिलं की प्रश्न मिटतो. पायथनमध्ये पूर्णांकाला अशी मर्यादा नाही, तिथे हा मुद्दा उगाच उकरून काढू नका.

---

अर्धविराम

वरच्या सगळ्याशी सहमत, एक भर. इशारा मिळाला की तो घ्या. राउंड घेणारा "इथे आणखी काही डेटा स्ट्रक्चर चालेल का?" म्हणतो तेव्हा ते बहुधा तुमचं सध्याचं चुकतंय असं सांगणं असतं. तरी लोक "नाही, हेच बरंय" म्हणून पुढे रेटतात. एक-दोन इशाऱ्यांनी कोणी नापास होत नाही. इशारा दिला आणि तो ऐकलाच नाही, हे मात्र ठळक लिहिलं जातं, कारण हाच माणूस उद्या कोड रिव्ह्यूमध्ये (सहकारी कोड तपासतात तेव्हा) कसा वागेल ते त्यात दिसतं.

---

निळी_शाई

सिस्टिम डिझाइनवर कोणी लिहिणार आहे का? नाहीतर मी सुरुवात करते.

---

मध्यबिंदू

करा करा. वाट बघतोय.

---

निळी_शाई

तर मग लांबलचक लिहिते, हा राउंड त्या लायकीचा आहे.

इथे सर्वाधिक घात होतो तो चौकोन काढण्याच्या घाईने. प्रश्न कानावर पडताच लोड बॅलन्सर (सर्व्हरांमध्ये भार वाटणारा), कॅश (वारंवार लागणारा डेटा ठेवणारा जलद साठा), काफ्का (संदेश पोचवणारी प्रणाली), तीन डेटाबेस असं चित्र तयार. कशासाठी ते विचारलं की उत्तर "स्केलसाठी". किती स्केल? तिथे शांतता. म्हणून पहिली दहा मिनिटं गरजा आणि आकडे, चौकोन नंतर.

घासून गुळगुळीत झालेलं उदाहरण घेते, लिंक छोटी करणारी सेवा. महिन्याला दहा कोटी नव्या लिंक धरा. महिन्यात साधारण २६ लाख सेकंद असतात, म्हणजे सेकंदाला ४० च्या आत नवे लेखन. वाचन शंभरपट धरलं तर सेकंदाला ४,०००, गर्दीच्या वेळी तिप्पट म्हणजे १२,०००. प्रत्येक नोंद ५०० बाइट धरली तर महिन्याला ५० जीबी, पाच वर्षांत ३ टीबी. या आकड्यांवरून काय कळलं? लेखन किरकोळ आहे, एक मशीन सहज पेलेल. साठाही अवाढव्य नाही. कस लागणार तो वाचनाचा. म्हणजे कॅश हवी आणि डेटाबेसच्या वाचनासाठी प्रती हव्यात. लेखनासाठी डेटाबेसचे तुकडे पाडायची घाई नाही. आकड्यांचा उपयोग असा करायचा असतो. नुसती गुणाकारांची ओळ लिहून पुढे गेलात तर ती पाच मिनिटं वाया गेली.

आता छोट्या कोडची लांबी. अंक आणि लहान-मोठी इंग्रजी अक्षरं मिळून ६२ चिन्हं. सहा अक्षरांत सुमारे ५,६८० कोटी कोड होतात, सात अक्षरांत साडेतीन लाख कोटी. पाच वर्षांत ६०० कोटी लिंक होणार, म्हणजे सहा अक्षरं पुरतात. पण कोड रँडम काढणार असाल तर पाचव्या वर्षाच्या शेवटी सहा अक्षरांपैकी दहा टक्क्यांहून जास्त जागा भरलेल्या असतील. म्हणजे दर दहातला एक कोड आधीच वापरलेला निघणार आणि पुन्हा प्रयत्न करावा लागणार. सात अक्षरांत हे प्रमाण हजारात दोनच्या आत येतं. एका अक्षराच्या मोबदल्यात हा फायदा घ्यायचा का, ही खरी चर्चा.

रँडमऐवजी चढता क्रमांक वापरला तर टक्कर होतच नाही, पण पुढची लिंक कोणीही ओळखू शकतो आणि क्रमांक देणारी एकच जागा बंद पडली तर सगळं ठप्प. त्यावर उपाय: प्रत्येक सर्व्हरने हजार क्रमांकांचा गठ्ठा एकदम उचलायचा. सर्व्हर मध्येच पडला तर गठ्ठ्यातले उरलेले क्रमांक वाया जातात, ते जाऊ द्यायचे.

आणि एक बारीक मुद्दा, ज्यावरून माहिती असणारा आणि नसणारा लगेच वेगळे पडतात. लिंक उघडल्यावर सर्व्हरने ३०१ द्यायचा की ३०२ (ब्राउजरला दुसऱ्या पत्त्यावर धाडणारे दोन संकेतांक)? ३०१ म्हणजे कायमचा बदल. ब्राउजर तो लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी तुमच्याकडे येतच नाही. भार कमी होतो, पण क्लिक मोजता येत नाहीत आणि लिंक जिथे नेते तो पत्ता बदलता येत नाही. ३०२ दिला तर प्रत्येक क्लिक तुमच्याकडे येतो. क्लिकची आकडेवारी विकणं हा धंदा असेल तर ३०१ देऊन चालणार नाही. सुरुवातीला गरजा विचारल्या होत्या त्या इथे कामाला येतात.

---

लॉगवाचक

उत्तम. त्यात बिघाडाची बाजू जोडतो, कारण अनुभवी लेव्हलच्या राउंडमध्ये दुसरा अर्धा तास तिथेच जातो.

कॅश लावली, छान. एखादी लिंक व्हायरल झाली आणि तिची कॅशमधली मुदत संपली त्या क्षणी काय होतं? त्या एका की (key, म्हणजे कॅशमधल्या त्या नोंदीचं नाव) साठी येणाऱ्या हजारो विनंत्या एकदम डेटाबेसवर आदळतात. डेटाबेस हळू होतो, विनंत्या टाइमआउट होतात, क्लायंट पुन्हा पाठवतात, भार दुप्पट होतो. उपाय दोन-तीन आहेत. एकाच विनंतीला डेटाबेसकडे जाऊ द्यायचं आणि बाकीच्यांना तिच्या उत्तरासाठी थांबवायचं. मुदत सगळ्या की साठी एकच न ठेवता थोडी मागेपुढे करायची. पुन्हा पाठवताना प्रत्येक वेळी थांबा दुप्पट करायचा आणि त्यातही थोडा रँडमपणा घालायचा, नाहीतर सगळे क्लायंट ठेक्यात एकत्रच परत येतात.

पैसे देण्याघेण्याची सिस्टिम असेल तर विचारणार हे नक्की: उत्तर यायच्या आधी कनेक्शन तुटलं तर क्लायंटने पुन्हा पाठवायचं का? पाठवलं तर दोनदा पैसे कापले जाऊ नयेत यासाठी क्लायंटने प्रत्येक व्यवहाराला एक वेगळी किल्ली बनवून पाठवायची आणि सर्व्हरने ती किल्ली व्यवहाराच्या *त्याच* ट्रान्झॅक्शनमध्ये साठवायची. किल्ली वेगळ्या ठिकाणी, नंतर साठवली तर मधल्या फटीत सर्व्हर पडला की दुहेरी कपात झालीच म्हणून समजा. 'आयडेंपोटन्सी (तीच विनंती पुन्हा आली तरी परिणाम एकदाच) वापरू' एवढं म्हणून थांबणारे पुष्कळ असतात. किल्ली कुठे आणि कधी साठवायची, हे सांगणारा वेगळा उठून दिसतो.

उपलब्धतेचे आकडे तोंडावर असू द्या. ९९.९ टक्के म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद चालेल, ९९.९९ म्हणजे ५३ मिनिटांच्या आत. माणसाला मध्यरात्री उठवून, लॅपटॉप उघडून कारण शोधेपर्यंत अर्धा तास सहज जातो. म्हणजे चार नऊ हवे असतील तर सुधारणा आपोआप व्हायला हवी, ऑनकॉलवर (बिघाडासाठी पाळीने तयार असलेल्या माणसावर) भिस्त ठेवून भागणार नाही.

---

चौकस

बिहेवियरल राउंड हा उपचारच असतो ना? गप्पा मारल्या की झालं?

---

अर्धविराम

अजिबात नाही. कोडिंगमध्ये पास-नापास ठरतं, पण *कोणत्या लेव्हलला* घ्यायचं हे बहुतांशी डिझाइन आणि बिहेवियरलवरून ठरतं. सीनियरसाठी बोलावून एक पायरी खालची ऑफर येते, तेव्हा कारण बहुधा इथे असतं.

ॲमेझॉनची १६ लीडरशिप प्रिन्सिपल्स जाहीर आहेत आणि राउंड घेणाऱ्यांमध्ये ती वाटून दिलेली असतात. तिथे कोडिंग राउंडमध्येही सुरुवातीचा मोठा भाग याच प्रश्नांचा असतो. बाकी कंपन्या नाव वेगळं देतात, शोधतात तेच: मतभेद कसा हाताळला, अपुऱ्या माहितीवर निर्णय कसा घेतला, काम फसलं तेव्हा काय केलं, दुसऱ्या टीमकडून काम कसं काढून घेतलं.

तयारी अशी. कामातले सहा ते आठ प्रसंग निवडा. प्रत्येकाचे चार तुकडे लिहा: परिस्थिती, तुमच्यावरची जबाबदारी, तुम्ही केलेली कृती, निकाल. पहिले दोन मिळून तीस-चाळीस सेकंदांत आटपा. लोक तीन मिनिटं प्रोजेक्टचा इतिहास सांगतात आणि कृतीला एक वाक्य उरतं. कृतीला निम्म्याहून जास्त वेळ हवा. निकालात आकडा हवा आणि तो कसा मोजला तेही ठाऊक हवं. "लेटन्सी (उत्तराला लागणारा वेळ) ४० टक्के कमी झाली" म्हटलं की पुढचा प्रश्न "सरासरी की ९९ वा पर्सेंटाइल (शंभरातल्या ९९ विनंत्या ज्या वेळाच्या आत होतात तो)?" हा येणारच.

'आम्ही' फार वापरू नका. नम्रपणा म्हणून 'आम्ही केलं' म्हणायची आपली सवय, पण अभिप्राय लिहिणाऱ्याला टीमने काय केलं यात रस नसतो. "टीमने सर्व्हिस वेगळी काढायचं ठरवलं, त्यातली डेटा हलवण्याची योजना मी लिहिली आणि जुन्या-नव्या दोन्हीकडे एकाच वेळी डेटा लिहिण्याचा टप्पा मी राबवला" असं नेमकं वेगळं करून सांगा.

पोपटपंची लगेच उघडी पडते, कारण इथे खोदून विचारतात: दुसरा पर्याय कोणता होता, तो का सोडला, कोणाचा विरोध होता, आज करायचं झालं तर काय बदलाल. बनवलेला प्रसंग तिसऱ्या उपप्रश्नाला गळपटतो.

---

रेषाखंड

थोडं विरोधी मत. इथे सगळे 'विचार बोलून दाखवा' म्हणताहेत, पण ज्याचे प्रश्न सोडवण्याचे पायाभूत नमुने पक्के नाहीत त्याने कितीही बोलून दाखवलं तरी कोड होत नाही. टू पॉइंटर, बीएफएस-डीएफएस, हीप, बाइनरी सर्च, टोपोलॉजिकल सॉर्ट, साधं डायनॅमिक प्रोग्रॅमिंग हे हाताला बसलेलं हवंच. सरावाला पर्याय नाही.

---

उलटा_स्टॅक

@रेषाखंड, पर्याय नाहीच, फक्त सराव कसा करायचा ते बघा. प्रश्न घेतला, २५-३० मिनिटं स्वतः झगडलं, नाही आलं तर उत्तर वाचलं, इथवर सगळे करतात. पुढचं करत नाहीत: उत्तर मिटवून त्याच दिवशी कोऱ्या पानावर पुन्हा लिहायचं, मग तीन-चार दिवसांनी, मग दोन आठवड्यांनी. आणि वहीत उत्तर उतरवायचं नाही, *कोणत्या खुणेवरून ही पद्धत सुचायला हवी होती* ती एक ओळ लिहायची. 'उत्तराची किंमत वाढवली की शक्य-अशक्य एकदाच बदलतं, म्हणून उत्तरावरच बाइनरी सर्च' अशी ओळ. अशा दीडशे प्रश्नांचा पाचशे नुसत्या टिक मारलेल्या प्रश्नांपेक्षा जास्त उपयोग होतो.

आणि शेवटच्या पंधरवड्यात ऑटोकम्प्लीट बंद करून साध्या एडिटरमध्ये, घड्याळ लावून, मोठ्याने बोलत सराव. बोलत टाइप करणं हे वेगळं कौशल्य आहे. सुरुवातीला दोन्हींचा वेग पडतो.

---

ठिपका

एआय टूलबद्दल काय? आता बऱ्याच ठिकाणी वापरू देतात म्हणे.

---

निळी_शाई

कंपनीगणिक नव्हे, राउंडगणिक नियम वेगळा. रिक्रूटरला ईमेलवर लेखी विचारा: कोणत्या राउंडमध्ये चालेल, कोणतं टूल, स्क्रीन शेअर करायची का. परवानगी असते तिथे प्रश्न मोठा असतो: अनेक फाइलींचा तयार कोड देतात, त्यात दोष शोधा किंवा सुविधा वाढवा म्हणतात. तिथे बघतात की टूलने दिलेला कोड तुम्ही वाचता का, चूक पकडता का, टेस्ट आधी लिहून घेता का.

परवानगी नाही तिथे लपून वापरलं तर कळत नाही, हा गैरसमज आहे; ते ओळखू येतं. नजर एका बाजूला, प्रश्नानंतर ठराविक विराम, मग एकदम निर्दोष उत्तर, आणि "ही ओळ का?" विचारलं की गडबड. अनेक कंपन्यांनी प्रत्यक्ष समोरासमोरचा राउंड पुन्हा आणलाय तो यामुळेच.

---

चौकस

ऑफर आली असं समजू. मग काय बघायचं?

---

रेषाखंड

चार तुकडे सुटे करून बघा: मूळ पगार, वार्षिक बोनस, शेअर, जॉइनिंग बोनस. शेअरचा एकूण आकडा चार वर्षांचा असतो, वर्षाचा नव्हे. तो समान वाटला जातो असंही समजू नका. ॲमेझॉनची बराच काळ चाललेली पद्धत ५, १५, ४०, ४० टक्के अशी आहे आणि पहिल्या दोन वर्षांची तूट जॉइनिंग बोनसने भरून काढतात. इतर अनेक ठिकाणी वर्षाला २५ टक्के. काही ठिकाणी पहिलं वर्ष पूर्ण होईपर्यंत काहीच हातात येत नाही. म्हणून दोन ऑफर ताडताना वर्षवार तक्ता करा, चार वर्षांच्या बेरजेवर जाऊ नका. जॉइनिंग बोनस ठराविक मुदतीच्या आत सोडल्यास परत द्यावा लागतो का, शेअरची किंमत कोणत्या तारखेची धरली आणि पुढच्या वर्षांत नवे शेअर देतात का, हे लेखी घ्या.

घासाघीस करताना आपला आकडा आधी सांगू नका. "या लेव्हलसाठी तुमची रेंज काय?" हे विचारण्यात गैर काही नाही. मूळ पगार लेव्हलच्या चौकटीत अडकलेला असतो, तिथे फार हलत नाही. शेअर आणि जॉइनिंग बोनसमध्ये जागा जास्त. आणि खोटी दुसरी ऑफर सांगू नका, कागद मागतात.

लेव्हलबद्दल बोलायचं तर ते ऑफर स्वीकारायच्या *आधी*. आत गेल्यावर एक पायरी चढायला बहुतेक ठिकाणी दीड-दोन वर्षं जातात.

---

मध्यबिंदू

हे शेवटचं वाक्य अधोरेखित. बढती बहुतेक ठिकाणी पुढच्या लेव्हलचं काम आधी काही काळ करून दाखवल्यावर मिळते, आणि तिथेही निर्णय घेणाऱ्या अनेकांनी तुमचं काम जवळून पाहिलेलं नसतं. त्यांच्यापुढे जातं ते कागदावरचं: डिझाइन डॉक्युमेंट, रिव्ह्यूमधल्या चर्चा, बिघाडानंतरचे अहवाल, इतर टीमच्या लोकांचे अभिप्राय. मीटिंगमध्ये बोलून घेतलेला निर्णय तिथे दिसत नाही. मीटिंग संपली की पाच ओळींचा सारांश डॉक्युमेंटमध्ये टाका, कोणता पर्याय का सोडला त्यासकट.

---

लॉगवाचक

आतल्या कामाबद्दल आणखी थोडं. नव्या माणसाचे पहिले तीन महिने कोड लिहिण्यापेक्षा वाचण्यात जातात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. छोटे बदल पाठवा. दोनशे ओळींचा बदल त्याच दिवशी रिव्ह्यू होतो, दोन हजार ओळींचा आठवडाभर पडून राहतो आणि शेवटी न वाचताच मंजूर होतो. रिफॅक्टरिंग (वागणूक तीच ठेवून कोड नीट करणं) आणि वागणूक बदलणारा कोड एकाच बदलात मिसळू नका. बिघाड झाला की नेमकं काय मागे घ्यायचं ते कळत नाही.

ऑनकॉलला जायच्या आधी तीन गोष्टी स्वतः करून बघा: शेवटचं रिलीज मागे घेणं, एखादी सुविधा फ्लॅगने (सेटिंगमधल्या चालू-बंद खुणेने) बंद करणं आणि गेल्या सहा महिन्यांतले बिघाडाचे अहवाल वाचणं. अलार्म वाजल्यावर आधी कारण शोधत बसायचं नाही, आधी नुकसान थांबवायचं. तासाभरापूर्वी काही रिलीज झालं असेल तर ते मागे घ्या, मग लॉग चाळा. गूगलच्या रिलायबिलिटी टीमचा जाहीर केलेला दंडक आहे की ऑनकॉलच्या बारा तासांच्या पाळीत दोनपेक्षा जास्त घटना येऊ नयेत, कारण प्रत्येक घटना निस्तरून अहवाल लिहायला सहाएक तास जातात. तुमच्या टीममध्ये पाळीला दहा अलार्म वाजत असतील तर निम्मे बहुधा अनावश्यक आहेत. ते काढून टाकण्याचं काम मागून घ्या, दिसण्याजोगं काम आहे.

---

ठिपका

राउंडच्या शेवटी 'काही प्रश्न आहेत का' म्हणतात तेव्हा यातलंच विचारायचं का मग?

---

लॉगवाचक

हो, अगदी हेच. ऑनकॉल किती आठवड्यांनी येतो, पाळीला सरासरी किती अलार्म, रिलीज किती वेळा होतं, बदल पाठवल्यापासून प्रॉडक्शनला जायला किती वेळ लागतो, गेल्या वर्षभरात टीममधले किती जण गेले. उत्तर गुळमुळीत आलं तर तोच प्रश्न दुसऱ्या राउंडमध्ये दुसऱ्याला विचारा आणि दोन्ही उत्तरं ताडून बघा. आणि गूगलसारख्या ठिकाणी टीम नंतर ठरते. तिथे हे प्रश्न लूपमध्ये खर्च करू नका, टीम मॅचिंगच्या कॉलसाठी राखून ठेवा.

---

चौकस

नकार आला तर पुन्हा अर्ज कधी?

---

अर्धविराम

बहुतेक ठिकाणी सहा महिने ते वर्ष थांबावं लागतं, नेमकी मुदत रिक्रूटरला विचारा. कारण ते सहसा लेखी देत नाहीत, पण फोनवर "कोणत्या राउंडवर जास्त काम करू?" असं विचारलं तर निदान 'कोडिंग' की 'डिझाइन' एवढं बरेचदा सांगतात. राउंड संपल्याच्या दिवशीच प्रश्न, तुमची पद्धत आणि कुठे अडलात ते लिहून ठेवा, दोन दिवसांनी आठवत नाही. जुने अभिप्राय अनेक कंपन्यांमध्ये जपलेले असतात आणि पुढच्या वेळी उघडले जातात, त्यामुळे अर्धवट तयारीने केवळ 'अंदाज घ्यायला' लूपला बसू नका. अंदाज घ्यायचाच असेल तर ज्या कंपनीत जायचं नाही तिथे घ्या.